गॅलोडेट विद्यापीठातील अध्यक्षपदाचे वाद

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, डी.सी. येथील गॅलोडेट विद्यापीठात अध्यक्षांच्या नेमणुकीवरून १९८८ आणि २००६ या वर्षी दोन मोठी आंदोलने झाली. बधिर व श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेली ही जगातील सर्वांत जुनी संस्था आहे. तेथील अध्यक्षपद हे भारतीय विद्यापीठांतील कुलगुरुपदाशी साधारणतः तुल्य आहे. मार्च १९८८ मधील आंदोलन ‘डेफ प्रेसिडेंट नाऊ’ (अर्थ : बधिर अध्यक्ष आताच हवा) या नावाने ओळखले जाते. एका आठवड्याच्या या लढ्यानंतर विद्यापीठाला पहिले बधिर अध्यक्ष मिळाले. २००६ मध्ये नियुक्त उमेदवार स्वतः बधिर असूनही विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी त्यांच्या नेमणुकीला विरोध केला व विश्वस्त मंडळाला ती मागे घ्यावी लागली. बधिरांच्या संस्था कोणी चालवाव्यात आणि त्यांच्या प्रमुखाची निवड कोणाच्या संमतीने व्हावी, हे प्रश्न या दोन आंदोलनांमुळे जगभर चर्चेत आले.

विद्यापीठाची स्थापना

अमेरिकेचे माजी पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल यांनी दिलेल्या जमिनीवर बधिर आणि अंध मुलांसाठी सुरू झालेल्या शाळेला १८५७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मान्यता दिली. एडवर्ड मायनर गॅलोडेट हे या शाळेचे पहिले अधीक्षक होते. त्यांचे वडील थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांनी फ्रान्समधून आलेले बधिर शिक्षक लॉरें क्लेर्क यांच्या साहाय्याने १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे अमेरिकेतील बधिरांची पहिली कायमस्वरूपी शाळा काढली होती. एडवर्ड यांच्या मातोश्री सोफिया फाउलर गॅलोडेट या स्वतः बधिर होत्या आणि वॉशिंग्टनच्या शाळेत मुलांच्या निवासाची व्यवस्था पाहत असत.

८ एप्रिल १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी या संस्थेला महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. १८९४ मध्ये महाविद्यालयाला थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांचे नाव देण्यात आले. १९८६ मध्ये काँग्रेसने संस्थेला विद्यापीठाचा दर्जा दिला. विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा भाग अमेरिकेचे संघराज्य सरकार उचलते. त्यामुळे तेथील घडामोडींकडे काँग्रेसचे सदस्यही लक्ष ठेवून असतात.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बधिर मुलांच्या शिक्षणपद्धतीवरून तीव्र मतभेद निर्माण झाले. मुलांना ओठांच्या हालचाली वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवावे, असे मौखिक पद्धतीचे पुरस्कर्ते मानत. सांकेतिक भाषेतून शिकवावे, असे दुसऱ्या पक्षाचे मत होते. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतीच्या बाजूने ठराव केला. या परिषदेच्या १६४ प्रतिनिधींपैकी केवळ एक प्रतिनिधी बधिर होता, असे सांगितले जाते. ठरावाला विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत एडवर्ड गॅलोडेट होते. पुढील अनेक दशके बहुतेक देशांतील शाळांत सांकेतिक भाषेला स्थान उरले नाही आणि बधिर शिक्षकांची संख्याही घटली.

गॅलोडेटमध्ये मात्र सांकेतिक भाषा टिकून राहिली. तेथील इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकन सांकेतिक भाषा ही इंग्रजीचे हातवाऱ्यांतील रूप नसून स्वतःची रचना असलेली स्वतंत्र भाषा आहे, असे दाखवून दिले. या संशोधनानंतर आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत, ही जाणीव अमेरिकेतील बधिर समाजात वाढीस लागली. श्रवणशक्तीचा अभाव या वैद्यकीय अर्थापलीकडे, समान भाषा, शाळा आणि रीतिरिवाज यांनी बांधलेला समाज असा ‘बधिर’ शब्दाचा सांस्कृतिक अर्थ रूढ होऊ लागला.

विद्यापीठाचा कारभार मात्र ऐकू येणाऱ्यांच्या हाती होता. १८६४ पासून १९८७ पर्यंत झालेले सहाही अध्यक्ष ऐकू येणारे होते. १९८८ च्या सुरुवातीला विश्वस्त मंडळावर ऐकू येणारे १७ आणि बधिर ४ सदस्य होते.

१९८८ चे आंदोलन

निवड प्रक्रिया

सहावे अध्यक्ष जेरी ली यांनी १९८७ मध्ये पद सोडण्याचा निर्णय जाहीर केल्यानंतर नव्या अध्यक्षांचा शोध सुरू झाला. अखेरच्या फेरीत तीन उमेदवार राहिले. त्यांपैकी एलिझाबेथ झिन्सर या ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शैक्षणिक कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ अधिकारी होत्या. त्यांना ऐकू येत होते. सांकेतिक भाषा येत नव्हती आणि बधिर-शिक्षणाचा अनुभवही नव्हता. आय. किंग जॉर्डन हे गॅलोडेटमध्येच कला व विज्ञान शाखेचे अधिष्ठाता होते; वयाच्या २१ व्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. जन्मतः बधिर असलेले हार्वे कॉर्सन लुइझियाना राज्यातील बधिरांच्या शाळेचे प्रमुख होते.

बधिर अध्यक्षांच्या मागणीसाठी तरुण माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने पुढाकार घेऊन १ मार्च १९८८ रोजी विद्यापीठाच्या आवारात मोठी सभा घेतली. तोवर या प्रश्नाबाबत फारसे उत्साही नसलेले अनेक विद्यार्थी या सभेनंतर चळवळीत उतरले. तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यासह काही राजकीय नेत्यांनी बधिर उमेदवाराच्या निवडीला पाठिंबा देणारी पत्रे विश्वस्त मंडळाला पाठवली.

घटनाक्रम

६ मार्च, रविवार : विश्वस्त मंडळाने झिन्सर यांची निवड केली. ही बातमी विद्यार्थ्यांना प्रसिद्धिपत्रकातून कळली. संतप्त विद्यार्थी मंडळाची बैठक चालू असलेल्या मेफ्लॉवर हॉटेलवर चालून गेले. तेथे मंडळाच्या प्रमुख जेन बॅसेट स्पिलमन यांनी, बधिर लोक ऐकू येणाऱ्यांच्या जगात कारभार करण्यास अद्याप समर्थ नाहीत, अशा अर्थाचे विधान केल्याची वार्ता पसरली. आपण तसे बोललो नाही, दुभाषाकडून चूक झाली, असे स्पिलमन यांचे म्हणणे होते. त्यांना स्वतःला सांकेतिक भाषा येत नव्हती. त्यामुळे या खुलाशाने संताप शमण्याऐवजी वाढलाच.

७ मार्च, सोमवार : विद्यार्थ्यांनी पहाटेपासून वाहने आडवी लावून आणि कुलुपे घालून विद्यापीठाची प्रवेशद्वारे बंद केली. त्यांनी चार मागण्या मांडल्या :

१. झिन्सर यांनी राजीनामा द्यावा आणि बधिर अध्यक्षाची निवड व्हावी.
२. स्पिलमन यांनी विश्वस्त मंडळ सोडावे.
३. मंडळात बधिर सदस्यांचे बहुमत, म्हणजे किमान ५१ टक्के प्रमाण असावे.
४. आंदोलनात भाग घेतलेल्या कोणावरही सूडाची कारवाई होऊ नये.

मंडळाने मागण्या फेटाळल्या. त्यानंतर स्पिलमन सभागृहात बोलण्यास उभ्या राहिल्या असता आगीची सूचना देणारी घंटा वाजू लागली. या गोंगाटात बोलणे कठीण असल्याचे त्यांनी म्हणताच, कसला गोंगाट, असा प्रतिप्रश्न बधिर श्रोत्यांनी केला. बहुसंख्य श्रोते सभागृह सोडून गेले आणि मोर्चाने अमेरिकी संसदेच्या इमारतीकडे निघाले.

८ व ९ मार्च : ग्रेग ह्लिबोक, टिम रॅरस, ब्रिजेटा बोर्न आणि जेरी कोव्हेल हे चार विद्यार्थी आंदोलनाचे प्रमुख नेते म्हणून पुढे आले. प्राध्यापकांनी मोठ्या बहुमताने विद्यार्थ्यांच्या मागण्यांना पाठिंबा दिला. ९ मार्चच्या रात्री ‘नाईटलाईन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ह्लिबोक, झिन्सर आणि ऑस्कर पुरस्कार मिळवणाऱ्या बधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांची चर्चा देशभर प्रसारित झाली. पत्रकारांशी संवाद साधता यावा म्हणून अनेक दुभाषे विनामूल्य काम करत होते.

१० मार्च, गुरुवार : जॉर्डन यांनी आदल्या दिवशी झिन्सर यांना जाहीर पाठिंबा दिला होता. या दिवशी त्यांनी आपली भूमिका बदलून विद्यार्थ्यांची बाजू घेतली. त्याच दिवशी झिन्सर यांनी राजीनामा दिला.

११ मार्च, शुक्रवार : एक मागणी मान्य झाली तरी उरलेल्या तीन मागण्यांसाठी आंदोलन चालू राहिले. सुमारे अडीच हजार लोकांनी संसद भवनापर्यंत मोर्चा काढला. मोर्चाच्या अग्रभागी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची आठवण करून देणारा ‘आमचे स्वप्न अजूनही जिवंत आहे’ या आशयाचा फलक होता.

१३ मार्च, रविवार : विश्वस्त मंडळाने सर्व मागण्या मान्य केल्या. स्पिलमन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी फिलिप ब्रॅव्हिन हे मंडळाचे पहिले बधिर प्रमुख झाले. जॉर्डन यांची विद्यापीठाचे आठवे आणि पहिले बधिर अध्यक्ष म्हणून निवड झाली. बधिर बहुमताच्या मागणीसाठी कार्यदल नेमण्यात आले. सूडाची कारवाई होणार नाही, असे आश्वासनही मिळाले.

परिणाम

ऐकणे सोडून बधिर माणूस बाकी सर्व काही करू शकतो, या आशयाचे जॉर्डन यांचे उद्गार पुढे चळवळीचे ब्रीद बनले. आंदोलनाला मिळालेल्या प्रसिद्धीमुळे अपंगांच्या नागरी हक्कांच्या प्रश्नाला अमेरिकेत गती मिळाली. २६ जुलै १९९० रोजी ‘अमेरिकन्स विथ डिसॲबिलिटीज ॲक्ट’ हा कायदा झाला. त्याच्या समर्थनार्थ जॉर्डन यांनी काँग्रेसपुढे साक्ष दिली होती. त्यानंतरच्या काळात बधिरांच्या इतर शाळांतही बधिर प्रमुख नेमण्याची मागणी होऊ लागली. या आंदोलनावरील ‘डेफ प्रेसिडेंट नाऊ!’ हा माहितीपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. नाईल डिमार्को आणि डेव्हिस गुगेनहाइम हे त्याचे दिग्दर्शक आहेत.

२००६ चा वाद

नेमणूक आणि विरोध

जॉर्डन यांनी २००५ मध्ये निवृत्तीचा मानस जाहीर केला. १ मे २००६ रोजी विश्वस्त मंडळाने विद्यापीठाच्या तत्कालीन प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख, जेन फर्नांडिस यांची पुढील अध्यक्ष म्हणून निवड केली. या वेळी परिस्थिती १९८८ हून भिन्न होती. निवड करणाऱ्या मंडळात बधिर सदस्यांचे बहुमत होते, अंतिम फेरीतील तिन्ही उमेदवार बधिर होते आणि निवडीचे समर्थन करणारे मावळते अध्यक्षही बधिर होते. तरीही निवड जाहीर होताच विद्यार्थ्यांनी निषेध सुरू केला आणि प्रवेशद्वाराशी तंबू ठोकले. मे महिन्यातच प्राध्यापकांनी अविश्वासाचा ठराव केला.

वादाच्या कारणांबाबत दोन्ही पक्षांचे म्हणणे वेगवेगळे होते. फर्नांडिस जन्मतः बधिर असल्या तरी बोलणे आणि ओठवाचन शिकून वाढल्या होत्या. अमेरिकन सांकेतिक भाषा त्या वयाच्या २३ व्या वर्षी शिकल्या. आपण ‘पुरेशा बधिर’ नाही, असे मानून आपल्याला विरोध होत आहे, असे त्यांनी सांगितले. श्रवणयंत्रे, कर्णावर्त रोपण आणि सामान्य शाळांत शिकलेली बधिर मुले या सर्वांना विद्यापीठात स्थान असावे, अशी त्यांची भूमिका होती. आंदोलकांनी हा आरोप नाकारला. निवड प्रक्रिया पारदर्शक नव्हती, कृष्णवर्णीय बधिर विद्वान ग्लेन अँडरसन यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले नाही आणि प्रोव्होस्ट म्हणून फर्नांडिस यांची कार्यशैली विश्वास निर्माण करणारी नव्हती, असे त्यांचे आक्षेप होते.

ऑक्टोबर २००६

उन्हाळी सुट्टीनंतर आंदोलनाने पुन्हा उचल खाल्ली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची एक प्रमुख इमारत ताब्यात घेतली आणि पुढच्या आठवड्यात प्रवेशद्वारे बंद केली. १३ ऑक्टोबर रोजी जॉर्डन यांच्या प्रशासनाने प्रवेशद्वारे खुली करण्यासाठी पोलिसी कारवाई केली आणि सुमारे १३० आंदोलकांना अटक झाली. ज्या द्वारांच्या नाकेबंदीतून १८ वर्षांपूर्वी जॉर्डन यांच्या अध्यक्षपदाची वाट खुली झाली होती, तीच नाकेबंदी मोडण्याची वेळ या वेळी त्यांच्यावर आली. अटकेनंतर आंदोलनाला अधिकच पाठिंबा मिळाला. काही दिवसांतच प्राध्यापकांनी, फर्नांडिस यांनी पद सोडावे किंवा त्यांना दूर करावे, असा कौल ८२ टक्के मतांनी दिला.

२९ ऑक्टोबर २००६ रोजी विश्वस्त मंडळाने फर्नांडिस यांची नेमणूक रद्द केली. जानेवारी २००७ मध्ये रॉबर्ट डाव्हिला यांनी विद्यापीठाचा कारभार हाती घेतला. शेतमजूर मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात जन्मलेल्या डाव्हिला यांची श्रवणशक्ती बालपणी मेंदुज्वराने गेली होती. २००७ मध्येच अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला परिवीक्षेखाली ठेवले. सुधारणांनंतर २००८ मध्ये अधिस्वीकृती कायम करण्यात आली. याच काळात विद्यापीठाने अमेरिकन सांकेतिक भाषा आणि इंग्रजी या दोन भाषांवर आधारित नवे ध्येयधोरण स्वीकारले. फर्नांडिस पुढे २०१४ मध्ये गिल्फर्ड महाविद्यालयाच्या अध्यक्ष झाल्या. डाव्हिला यांच्यानंतर २०१० मध्ये टी. ॲलन हर्विट्झ आणि २०१६ मध्ये रॉबर्टा कोर्डानो यांनी गॅलोडेटचे अध्यक्षपद स्वीकारले. कोर्डानो या हे पद भूषवणाऱ्या पहिल्या बधिर महिला होत.

दोन आंदोलनांची तुलना

१९८८ मधील प्रश्न सर्वांना सहज समजेल असा होता : बधिरांच्या विद्यापीठाचा प्रमुख बधिर असावा की नाही. विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी या प्रश्नावर एक झाले होते व त्यांच्या मागण्या चार ओळींत मावत होत्या. २००६ मध्ये बधिर अध्यक्ष असणे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. त्यामुळे वाद त्या पुढच्या प्रश्नांवर आला. सांकेतिक भाषेत वाढलेले आणि ती उशिरा शिकलेले, बधिरांच्या शाळांतून आलेले आणि सामान्य शाळांतून आलेले, श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय अशा विविध घटकांचे प्रतिनिधित्व कसे व्हावे आणि मंडळाने त्यांचे म्हणणे कितपत ऐकावे, हे ते प्रश्न होत. श्रवणक्षमता डेसिबलमध्ये मोजता येते. समाजाचा विश्वास मात्र निवडीच्या प्रक्रियेतूनच मिळवावा लागतो, हे २००६ च्या वादाने दाखवून दिले.

भारतातील संदर्भ

भारतात बधिर मुलांची पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत कर्णबधिर विद्यालये आहेत. नाशिक येथील माई लेले श्रवण विकास विद्यालय हे त्यांपैकी एक होय. २०११ च्या जनगणनेनुसार श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशात सुमारे ५०.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे ४.७ लाख होती. भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासाशी गॅलोडेटचा थेट संबंध आहे. मूळचे भारतीय असलेले तेथील बधिर अभ्यासक मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर येथील बधिरांच्या सांकेतिक भाषेचे सर्वेक्षण केले.

संस्थेच्या नियंत्रणावरून गॅलोडेटशी साम्य असलेला वाद भारतातही झाला. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०११ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे स्वायत्त केंद्र म्हणून मंजूर झाले. २०१३ मध्ये ते तेथे बंद झाले. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने ते मुंबईस्थित अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतील प्रादेशिक केंद्रात विलीन करण्याचे ठरवले. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था श्रवण व वाचा यांची तपासणी, उपचार आणि पुनर्वसन यांसाठी ओळखली जाते. दोन्ही संस्थांचे दृष्टिकोन आणि उद्दिष्टे भिन्न असल्याचे सांगत बधिर समाजाने विलीनीकरणाला विरोध केला. निदर्शने आणि मंत्र्यांबरोबरच्या बैठकांनंतर २२ सप्टेंबर २०१५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वतंत्र संस्थेला मंजुरी दिली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीला बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्या व्यक्तीला अल्पश्रवणी मानले आहे. संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश आहे. उच्च शिक्षण संस्थांतील प्रवेशासाठी किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के राखीव जागांची तरतूद असून, नोकऱ्यांतील १ टक्का जागा बधिर व अल्पश्रवणी व्यक्तींसाठी आहेत. या तरतुदी प्रवेश आणि नोकरी यांच्याशी संबंधित आहेत. बधिरांसाठी असलेल्या संस्थेचा प्रमुख बधिर असावा, अशी अट या कायद्यात नाही.